शेकाट्याची डावी बाजू

लढाऊ रोबोट कुठला घ्यायचा यावरून नवऱ्याशी भांडलेली बाई आमच्या जूचंद्रमध्ये माझ्याशिवाय दुसरी नसेल. भांडण मात्र खरं झालं, चांगलं कडाक्याचं झालं, आणि शेजारच्या वहिनी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना काय सांगणार? मी म्हटलं, "काही नाही हो, ह्यांना हलका हवाय आणि मला जड." त्यांना वाटलं वॉकरबद्दल चाललंय. त्या म्हणाल्या, "हलकाच बरा, उचलायला," आणि गेल्या.

तेव्हा ह्यांची डावी बाजू जाऊन तीन महिने झाले होते. सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला, तो उचलायला वाकले आणि तिथेच मोरीत बसले. बोलणं वाचलं, जरा जड झालं इतकंच. डावा पाय ओढत का होईना, आधाराने चार पावलं टाकायचा. डावा हात मात्र नुसता खांद्याला लागून होता. जेवायला बसवलं की तो मांडीवरून घसरायचा आणि मी उचलून परत ठेवायची.

आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. मुलगी कामाची, बोलायला मोकळी. तिने आल्या आल्या सांगून टाकलं, "काका, एकटं चालायचं तर वॉकर पाहिजे, आणि वॉकर दोन्ही हातांनी धरावा लागतो. आधी डाव्या हाताची ग्रिप आणू. आणि ग्रिप येते अंगठ्यापासून." त्या दिवसापासून आमच्या घरातलं सगळं त्या एका अंगठ्यापाशी येऊन थांबलं.

ह्यांना कुठे चालायचं होतं, तर खाडीच्या बांधावर. घरापासून दहा मिनिटांची वाट. पलीकडे मिठागरं. तरुणपणी ह्यांनी तिथे वडिलांबरोबर कावडीने मीठ वाहिलं होतं. मग वसईच्या कारखान्यात लेथवर सत्तावीस वर्षं काढली, तरी संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन बांधावर एक फेरी ठरलेली. मी म्हटलं, रिक्षाने नेते, खुर्ची ठेवू, बसा हवं तेवढं. त्यांनी तोंड फिरवलं. "मना कोनी उचलून न्यायचं नाय. दिवाळीनंतर मिठाच्या आगरात पानी घेतील, पाखरं येतील. तवर मी माझा जानार." दिवाळीला सहा महिने होते. मलाही वाटलं, सहा महिने म्हणजे पुष्कळ झाले.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं. मी देशावरची, लग्न करून इकडे आले. माझं तोंड तिखट आहे हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मान्य आहे. बावीस वर्षं बालवाडीत शिकवते. तीन-चार वर्षांच्या पोरांचा हात हातात घेऊन गिरवायला लावायचं, हे माझं काम. पोराचा हात खाली, माझा वर. सुरुवातीला सगळा जोर माझा असतो. मग एक दिवस खालचा हात आपण होऊन वळतो, आणि तो वळला हे हातालाच कळतं, डोळ्यांना दिसत नाही. यात एकच नियम मी कडक पाळते. पोर कितीही वेळ लावो, घाईला येऊन त्याच्या हातातली पेन्सिल काढून घ्यायची नाही. आमच्या एका मदतनीस बाई तसं करायच्या, पालक येण्याआधी पान सुंदर दिसावं म्हणून. त्यांना मी सगळ्यांसमोर झाडलं होतं. म्हटलं, पान तुमचं झालं, पोराचं काय झालं?

तर तो रोबोट. आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. वडिलांना बघायला आली तेव्हा जाताना तिचा जुना टॅब ठेवून गेली. त्यात तिचा कॉलेजपासूनचा लाडका खेळ होता. दोन्हीकडे सहा-सहा रोबोट, मोडक्या शहरात एकमेकांवर तोफा डागायच्या, ज्याचे शेवटी उभे राहतील तो जिंकला. मी म्हटलं, साठीच्या माणसाला हे काय देतेस, त्यापेक्षा भजनं लावून दे. ती म्हणाली, "आई, तू स्क्रीन बघ ना आधी. डाव्या कोपऱ्यात हे गोल आहे, त्यावर डावा अंगठा ठेवून सरकवायचा, रोबोट चालतो. उजव्या अंगठ्याने नेम धरायचा आणि फायर. बाबांना डावा अंगठा हलवायचाय ना?" फिजिओवाल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बेस्ट आहे. काकांना रबरी बॉल दाबायचा कंटाळाच येतो."

म्हणजे खेळाची मांडणी अशी की उजवा हात मारणार आणि डावा चालवणार. ह्यांचा नेमका चालवणारा हात गेलेला. तो प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवला. ह्यांच्या डाव्या बाजूला पलंगावर बसायचे, टॅब मध्ये उशीवर उभा करायचे, ह्यांचा अंगठा त्या गोलावर ठेवायचे आणि त्यावर माझा अंगठा. पोरांना गिरवायला लावते तसंच. मी सरकवायची तिकडे त्यांचा अंगठा सरकायचा आणि रोबोट चालायला लागायचा. उजव्या हाताने ते गोळ्या मारायचे.

पण आधी रोबोट निवडायचा होता. खेळाने तीन दाखवले. एक रस्त्यावरच्या रोलरसारखा, चहूबाजूंनी चिलखत, चार तोफा; चालायचा मात्र आमच्या ग्रामपंचायतीच्या जुन्या टँकरच्या वेगाने. दुसरा मधला, ना धड इकडचा ना तिकडचा. तिसरा हलका. बुटकं अंग, लांब बारीक पाय, गुडघे मागच्या बाजूला वाकलेले, आणि दोन्ही खांद्यांवर बंदुका बसवायला जागा. त्यावर बोट ठेवलं की तो उचल-टाक करत एक गोल चक्कर मारून दाखवायचा.

ह्यांनी तो बघितला आणि लहान मूल हसतं तसे हसले. तोंड एका बाजूनेच वर जायचं तेव्हा. "शेकाट्या गो," म्हणाले. "शेकाट्या हाय हा." शेकाट्या म्हणजे लाल काड्यांसारख्या पायांचा पक्षी, थंडीत मिठागरातल्या पाण्यात उभा असतो. ह्यांनी लग्नानंतर मला बांधावर नेलं तेव्हा पहिल्यांदा दाखवला होता. मी म्हटलं होतं, एवढ्याशा पायांवर हा उभा कसा राहतो?

रोबोटच्या बाबतीतही मी तेच म्हटलं. "ह्याला कोणी फुंकर मारली तरी पडेल. तो रोलर घ्या. चार गोळ्या लागल्या तरी काही होणार नाही."

"त्याला चालता कुठं येते?"

"चालून कुठे जायचंय तुम्हाला?"

मी हे बोलले आणि जीभ चावली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मना चालायचंच हाय. मारामारी नको. चालनारा घे." मग मी चिडले, ते चिडले, आणि वहिनी दारात आल्या. शेवटी शेकाट्या घेतला.

घेतल्यावर त्याला सजवायचा. हलक्या रोबोटला वीस टनांची मर्यादा. इंजिन, चिलखत, बंदुका, उडी मारायचे जेट, सगळं त्या वीस टनांत बसवायचं. मोठं इंजिन घातलं की वेग वाढतो पण चिलखताला जागा उरत नाही. चिलखत चढवलं की बंदूक खेळण्यातली घ्यावी लागते. वजन जास्त झालं की खालची पट्टी लाल होते आणि खेळ पुढे जाऊच देत नाही. ह्या हिशेबात मात्र ते माझ्यापेक्षा हुशार निघाले. लेथवर एका केसाचा फरक ओळखणारा माणूस. उजव्या बोटाने एकेक वस्तू उचलून बसवायचे, काढायचे, परत बसवायचे. किती दिवसांनी त्यांना कशात तरी रमलेलं बघत होते मी.

एका गोष्टीवर ते अडून बसायचे. दोन्ही खांद्यांवर वजन सारखं पाहिजे. उजवीकडे पाच टनांची तोफ तर डावीकडेही पाच टनांचीच. मी म्हटलं, खेळात असं काही लिहिलेलं नाही. "लिवायला कशाला पायजे?" ते म्हणाले. "कावड एका अंगाला जड झाली का मानूस वाकडा चालते. चार खेपा नाय व्हत त्याच्या." त्यांच्या वडिलांनी त्यांना पहिलं काय शिकवलं असेल तर दोन्ही टोपल्यांत मीठ सारखं भरायला. कमी भर, चालेल, सारखं भर. एका टोपलीत ओंजळभर जास्त गेलं तर म्हातारा वाटेत थांबवून ओतायला लावायचा. त्यामुळे आमच्या शेकाट्याच्या दोन्ही खांद्यांवर पाच-पाच टनांच्या तोफा गेल्या, वर इंजिन आणि जेट, आणि चिलखत राहिलं नावापुरतं. पापडासारखं.

मला ते बघवायचं नाही. ते दुपारी झोपले की मी गुपचूप टॅब उघडायची, जेट काढायची आणि तेवढं चिलखत चढवायची. थंडी नसताना माणसाला स्वेटर घालते मी, रोबोट कसा सुटणार? संध्याकाळी खेळताना समोरून मोठा रोबोट आला की हे उडीचं बटण दाबायचे, आणि शेकाट्या होता तिथेच उभा. "माझी उडी कोनी काढली?" मी खिडकीबाहेर बघायची. "कोनी काढली गो माझी उडी?" मग आम्ही दोघंही हसत सुटायचो, आणि तेवढ्यात शेकाट्याचे तुकडे झालेले असायचे.

आम्ही रोज हरायचो. मोजलं नाही, पण पाच-सहा आठवड्यांत एकही लढाई जिंकलो नाही. कोण कुठली पोरं देशोदेशी बसून आम्हाला उडवत होती. हलक्या रोबोटचं काम पुढे जाऊन शत्रू कुठे आहे ते बघायचं आणि पळून यायचं, असं मुलीने फोनवर सांगितलं होतं. पुढे आम्ही बरोबर जायचो. परत यायचो नाही. माझ्या अंगठ्याखाली त्यांचा अंगठा, त्यामुळे वळायला उशीर. तरी रोज संध्याकाळी पाच वाजले की हे स्वतःच उजव्या हाताने डावा हात उचलून टॅबवर ठेवायचे आणि माझी वाट बघायचे. चहा उकळत असला तरी हाक यायची.

आषाढातली गोष्ट. पाऊस धरलेला होता, फिजिओवाली मुलगी दोन दिवस आलेली नव्हती. आमचा शेकाट्या एका पुलाच्या तोंडाशी उभा. डावीकडे पडकी भिंत, तिच्या आड जायचं म्हणून मी अंगठा डावीकडे ओढला. शेकाट्या उजवीकडे गेला. मी म्हटलं, "अहो, टॅब का हलवताय?" ते म्हणाले, "मी कुठं हलवते?" मी परत डावीकडे ओढला. परत खालून काहीतरी उजवीकडे दाबत होतं. अगदी थोडं. पोराचा हात पहिल्यांदा वळतो तेवढं.

मला कळलं. बावीस वर्षं मी ते ओळखत आले होते, मला कळणार नाही तर कोणाला? मी अंगठ्यातला जोर काढून घेतला, नुसता टेकवून ठेवला. आणि शेकाट्या पुलावर चालला. वेडावाकडा, कठड्याला घासत, पण चालला. सात-आठ पावलं असतील. पलीकडून कोणीतरी क्षेपणास्त्र सोडलं आणि तो गेला. आम्ही दोघं काळ्या पडद्याकडे बघत बसलो. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पूल होता तिकडं," एवढंच म्हणाले. "मना पुलावर जायचं होतं."

फिजिओवाली आली, तिने अंगठा तपासला, आपल्या बोटाला टेकवून दाबायला लावला, आणि तिचा चेहराच खुलला. "काका, आहे! फ्लिकर आहे, जरासा हलतोय! काकू, असंच चालू ठेवा, अगदी असंच, काही बदलू नका." त्या दिवशी मी गोड शिरा केला. वहिनींनाही दिला. कशाचा म्हणून विचारलं तर म्हटलं, अंगठ्याचा.

इथे मी थांबायला हवं होतं. काही बदलू नका, असं ती स्पष्ट म्हणाली होती.

श्रावणात मुलीचा फोन आला की रविवारी चार वाजता ती पुण्याहून आमच्याच बाजूने खेळणार. तिच्या ऑफिसातल्या तिघी-चौघीही असणार. "बाबा, तुम्ही आमच्या टीममध्ये." हे इतके खूश झाले की शनिवारी मला न्हावी बोलवायला लावला. पण मुलीने तिकडे तिच्या फोनवर आमचा शेकाट्या उघडून बघितला आणि म्हणाली, "बाबा, हे काय केलंय? लाइट रोबोट असा कोणी लोड करतं का? दोन्ही तोफा उजव्या खांद्यावर घ्या. डाव्या खांद्यावर काहीच नको, तिथे सगळं चिलखत. आणि शत्रू आला की डावी बाजू त्याच्याकडे वळवायची. डावी बाजू फक्त मार खायला. उजवीने मारायचं."

ह्यांनी टॅबकडे बघितलं. मला वाटलं, आता कावडीची गोष्ट निघणार. निघाली नाही. पोरीला आपल्यामुळे हरायला लागू नये, एवढं एकच त्यांच्या मनात होतं, ते मला दिसत होतं. रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच डाव्या खांद्यावरची तोफ काढली, उडीचे जेटही काढले. उजव्या खांद्यावर दोन बसवल्या. डावीकडे चिलखत भरत गेले, भरत गेले. खालची पट्टी हिरवी राहिली. "बग," म्हणाले, "तुझी इच्छा झाली पुरी. चिलखत."

चारला लढाई सुरू झाली. त्या नव्या सजावटीला पटापट वळावं लागत होतं. डावी बाजू पुढे, गोळ्या झेलायच्या, लगेच अर्धं वळायचं म्हणजे ह्यांना मारता येईल, की परत डावी बाजू पुढे. स्पीकरवर मुलगी ओरडत होती, "बाबा, वळा! आई, वळव लवकर!" माझ्या अंगठ्याखाली ह्यांचा अंगठा. तो आता आपणही थोडं दाबत होता, पण हळू, आणि कधी माझ्या उलट. दोन वळणं चुकली. तिसरं चुकलं. मी वैतागले. माझा तो स्वर मला माहीत आहे, पोरं त्या स्वराला घाबरतात. मी म्हटलं, "अहो, तुमचा अंगठा मध्ये येतोय. काढा तो आधी."

 नेम धरलेला उजवा हात त्यांनी सोडला, त्याने डावा हात मनगटाला धरून उचलला आणि मांडीवर ठेवला. मग उजवा हात परत नेमावर. दोन सेकंदांचं काम. मी माझा अंगठा काचेवर ठेवला आणि शेकाट्या भिरभिर वळायला लागला.

आम्ही जिंकलो. तीन रोबोट ह्यांनी पाडले. पुण्याहून पोरी टाळ्या पिटत होत्या, "काका, काका" करत होत्या. हे हसत होते, मी हसत होते, आणि मांडीवरच्या हाताकडे कोणीच बघत नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. उलट वाटलं, किती महिन्यांनी घरात आनंद झाला.

मग ते तसंच चालू राहिलं. जिंकायची चटक लागते. साठीतही लागते, बालवाडीच्या बाईलाही लागते. रोज पाच वाजता मी डावीकडे बसायची, मी चालवायची, ते मारायचे. हाक यायची, पण डावा हात टॅबवर ठेवलेला नसायचा. तो नाही, हे मला दिसायचं. उद्यापासून ठेवू, असं मनात यायचं आणि लढाई सुरू व्हायची.

महिन्याभराने फिजिओवालीने अंगठा तपासला. दोनदा तपासला. "काकू, परत थंड पडलाय. टॅबची प्रॅक्टिस चालू आहे ना, तशीच?"

मी म्हटलं, "हो, रोज."

हे माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला खोटं पाडलं नाही. पाडलं असतं तर बरं झालं असतं. भांडले असते मी, रडले असते, काहीतरी मार्गी लागलं असतं. ती गेल्यावर मी धावत जाऊन टॅब आणला, डावा हात उचलला, अंगठा गोलावर ठेवला, वर माझा ठेवला. "चला," म्हटलं, "आजपासून परत. हरलो तर हरलो." त्यांनी उजव्या हाताने माझा हात बाजूला केला, हळूच, रागाने नाही.

"ऱ्हाऊ दे गो. ती बाजू चिलखताची."

मी हात जोडले. चिडलेसुद्धा. म्हटलं, तो खेळ आहे, तुम्ही माणूस आहात, काय डोक्यात घेऊन बसलात? ते म्हणाले, "खेलात पन बरं वाटलं ना तुला."  त्यानंतर रबरी चेंडू दिला तर धरायचे नाहीत. फिजिओवाली आली की डोळे मिटून घ्यायचे. आणून ठेवलेला वॉकर कपाटामागे गेला. त्यानंतर बांधाचं नाव त्यांनी काढलं नाही. फक्त रविवारी चार वाजता मुलीबरोबर खेळायचे, आणि छान खेळायचे. सगळे म्हणायचे, किती सुधारले.

नवरात्र संपता संपता दुसरा झटका आला. या वेळी उजवी बाजू. तीन दिवस हॉस्पिटलात होते. बोलणं गेलं होतं. मी त्यांचा डावा अंगठा हातात धरून बसले होते आणि त्याला म्हणत होते, दाब, एकदा दाब. नर्सला वाटलं मी त्यांच्याशी बोलतेय. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले.

दिवाळी झाली. आगरात पाणी घेतलं. पाखरं आली असं गावातलं कोणीतरी म्हणालं, मी गेले नाही. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कशानेही आला असता, अंगठ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मलाही ते समजतं. ते कशाने गेले हे मी विचारतच नाहीये. ते बांधावर जायचे राहिले, ते का राहिले हे मला माहीत आहे. पुलावर जाणारा अंगठा 'मध्ये येतोय' म्हणून मी बाजूला काढला. पान सुंदर दिसावं म्हणून.

मुलगी दिवस करून पुण्याला गेली. मी बालवाडीत जायला लागले. तिथे एका पोराचा हात धरून गिरवत असताना खालून तो आपण होऊन वळला, आणि मला पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर यावं लागलं.

परवा पाच वाजता टॅब उघडला. शेकाट्या तसाच उभा होता, एक खांदा तोफांनी भरलेला, एक चिलखताने. मी डावीकडचं सगळं चिलखत काढलं. उजवीकडची एक तोफ काढून डावीकडे बसवली. पाच टन, पाच टन. उडीचे जेट परत लावले. चिलखताला काही उरलं नाही, नसू दे. पट्टी हिरवी झाली. लढाईत नेला नाही. खेळात सरावाचं एक मैदान आहे, तिथे शत्रू नसतो. एका टोकाला तसाच एक पूल आहे.

मी पलंगावर माझ्या नेहमीच्या जागी, डाव्या बाजूला बसले. टॅब मध्ये उशीवर ठेवला. गोलावर अंगठा ठेवला, जोर न लावता, नुसता टेकवला, आणि थांबले. शेकाट्या हलला नाही. माझ्या अंगठ्याखाली काच होती, गार, आणि खालून कोणी दाबत नव्हतं.